ट्रॅक्टरवरची नभोवाणी आणि घरचा शब्द

'साप' आणि 'ताप' या दोन शब्दांत अंतर तें किती? वर्णदृष्ट्या पाहिलें तर अवघ्या एका व्यंजनाचें. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असतां असलीं अंतरें आम्हीं मुलांच्या वह्यांत हजारों वेळां तांबड्या शाईनें दाखविलीं असतील. परंतु तेवढ्या एका व्यंजनाच्या अंतरांत माणसाचा जीव अडकूं शकतो, हें गेल्या ज्येष्ठापर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

दुपारचे चार वाजले होते. आमचा पुतण्या शेतांतून नुकताच परतला होता. अंगणाच्या कडेस ट्रॅक्टर उभा करून तो दावें आणण्यासाठीं गोठ्याकडे निघाला. इतक्यांत मागील दारांतून त्याची पत्नी ओरडली, "अहो, साप आहे, साप!" त्यानें मान न वळवितांच शांतपणें उत्तर दिलें, "असूं दे. संध्याकाळीं डॉक्टरांकडे नेऊं." आणि तो अनवाणी गोठ्यांत शिरूं लागला! त्याच्या दहा वर्षांच्या मुलीनें धांवत जाऊन मागून सदरा ओढला, म्हणून तो थांबला. सुदैवानें ती धामण निघाली व आल्या वाटेनें निघूनही गेली. धाकट्या मुलास सकाळपासून सर्दी होती, तेव्हां 'ताप' ऐकूं येणें अगदींच निराधार नव्हतें. तो ओशाळून म्हणाला, "अण्णा, मला 'ताप' असेंच ऐकूं आलें हो."

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. सापाच्या भीतीनें नव्हे. एका निराळ्याच विचारानें. तो विचार वाचकांस सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमचें घर कृष्णाकांठचें. कूळकायद्याच्या वावटळींतून घरच्या वहिवाटीची म्हणून जी अकरा एकर जमीन राहिली, ती आमचे धाकटे बंधु पाहत असत. ते वारल्यावर त्यांच्या या चिरंजीवानें वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं ट्रॅक्टरचें चाक हातीं धरलें. आज तो अडतिसांचा आहे. घरचें काम संपलें कीं गांवची भाडोत्री नांगरट करतो, आणि गाळपाच्या हंगामांत कारखान्याला ऊस वाहतो. एकत्र कुटुंबाचा गाडा त्याच्याच खांद्यावर आहे.

असें असूनही दोन-तीन वर्षें घरांत त्याच्याविषयीं कुरबूर चालू होती. हांक मारली तर ओ देत नाहीं. "हो, हो" म्हणतो आणि मागितलें एक तर आणतो भलतेंच. पंक्तींत बसला तर मान खालीं घालून जेवतो, कोणाच्या बोलण्यांत भाग घेत नाहीं. आमच्या भावजयी एकदां डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या, "हातांत पैसा खेळूं लागला, आतां आईचा शब्द कशाला ऐकूं येईल?" आम्हीं तर त्यास समोर बसवून 'अवधान' या विषयावर चांगलें पाऊण घटका प्रवचन दिलें होतें. तेंही तो "हो, हो" म्हणत ऐकून गेला. त्यांतील किती त्याच्या कानीं पडलें, हें आतां देव जाणे!

आंकड्यानें दिलेली साक्ष

त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एक नभोवाणीयंत्र बसविलेलें आहे. पूर्वीं छताच्या दांडीला ट्रान्झिस्टर लटकावलेला असे. हल्लीं कर्णे मोठे आले आहेत, आणि आवाज किती ठेवला आहे त्याचा आंकडा समोर उजळतो. नांगर चालू असला कीं नभोवाणी चालू असावयाचीच. सापाच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या मुलीनें सहज किल्ली अर्धी फिरवून तें यंत्र सुरूं केलें. एंजिन बंद होतें. तों असा कर्कश आवाज उसळला कीं कौलांवरचे कावळे उडाले व पोर दचकून खालीं उतरली. आंकडा तोच होता, ज्यावर तिच्या वडिलांनीं आदल्या संध्याकाळीं यंत्र बंद केलें होतें.

"बाबांना एवढें मोठें कसें सोसतें?" असें तिनें विचारलें. प्रश्न पोरीचा, परंतु आम्हांस त्यांतच उत्तर दिसलें. चार दिवसांनीं आम्ही त्यास घेऊन जिल्ह्याच्या गांवीं कानांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं त्यास बंद खोलींत बसवून निरनिराळ्या पट्टींचे बारीक स्वर ऐकविले व कागदावर आलेख काढला. आलेखाची रेघ खालच्या पट्टींत जवळजवळ सरळ होती. पुढें सेकंदास ४००० कंपनांच्या आसपास ती एकदम खड्ड्यांत पडावी तशी खालीं गेली होती. डाव्या कानाचा खड्डा उजव्यापेक्षां खोल होता. डॉक्टरांनीं विचारलें, "नांगराकडे मागें वळून पाहतां, तें कोणत्या खांद्यावरून?" त्यानें उजव्या खांद्यावरून वळून दाखविलें. वळतांना डावा कान नेमका एंजिनाकडे व धुराड्याकडे होत होता. एकोणीस वर्षें, दर तासाला किती वेळां, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

कान झिजतो तो कसा

आमच्या न्यायवैशेषिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला, आणि कर्णशष्कुलीनें मर्यादित झालेलें आकाश तेंच श्रोत्रेंद्रिय असें सांगितलें. शब्द कानापर्यंत कसा पोंचतो, हें सांगतांना पाण्यावर एका लाटेपासून दुसरी लाट उठावी तसा, हा जो वीचीतरंगन्याय त्यांनीं लाविला, तो आजच्या पदार्थविज्ञानासही फारसा परका वाटणार नाहीं. परंतु श्रोत्र हें आकाशच असल्यामुळें तें झिजेल तरी कसें, अशी जी एक समजूत आमच्या मनांत नकळत बसली होती, ती मात्र सोडून द्यावी लागली.

कानाच्या अगदीं आंत शंखाच्या वेटोळ्यासारखा एक बारीक अवयव असतो. त्यांत प्रत्येक कानास सुमारें पंधरा हजार रोमपेशी असतात. लाट आली कीं त्यांच्या टोंकांवरील सूक्ष्म केंस लवतात आणि मेंदूकडे वर्दी जाते. गवतावरून एकदां पाऊल गेलें तर गवत पुन्हां उभें राहतें; रोज गाडी गेली तर तेथें चाकोरी पडते. रोमपेशींचेंही तसेंच आहे. पक्ष्यांमध्यें मेलेल्या रोमपेशींच्या जागीं नव्या उगवतात. मनुष्याच्या कानांत त्या उगवत नाहींत. गेली ती कायमची गेली.

आतां व्याकरणाकडे वळूं. कारण या दुखण्याचें मर्म तेथेंच आहे. स्वर हे घोषयुक्त व खालच्या पट्टींतले. बोलण्याचा मोठेपणा त्यांचा. श, ष, स हे ऊष्म वर्ण, आणि क, त, प यांसारखीं कठोर व्यंजनें हीं बहुधा वरच्या पट्टींतलीं व अशक्त. परंतु बोलण्याचा अर्थ मुख्यत्वें त्यांच्यावर उभा असतो. गोंगाटानें कान जातो तो प्रथम ३००० ते ६००० कंपनांच्या पट्टींत, म्हणजे नेमका व्यंजनांच्या वस्तींत. त्यामुळें अशा मनुष्यास 'ऐकूं येत नाहीं' असें होत नाहीं. त्यास ऐकूं येतें, पण कळत नाहीं. '—आप' एवढें कानांत शिरतें; पुढचें व्यंजन त्यानें प्रसंगावरून आपल्या पदरचें घालावयाचें. कधीं तें बरोबर पडतें, कधीं सापाचा ताप होतो. आणि स्त्रियांचा व मुलांचा बारीक आवाज आधीं हरवत असल्यामुळें 'मित्रांचें ऐकतो, घरच्यांचें ऐकत नाहीं' हा आरोप त्याच्या कपाळीं आयताच येतो.

नभोवाणीचा अपराध कितपत?

येथें न्यायानें बोललें पाहिजे. मूळ गुन्हेगार नभोवाणी नव्हे, ट्रॅक्टरच होय. बंदिस्त खोली नसलेल्या ट्रॅक्टरवर, ओझें ओढतांना, चालकाच्या कानाशीं ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. डेसिबल हें माप सामान्य गणितानें चालत नाहीं. तीन डेसिबल वाढले कीं आवाजाची शक्ति दुप्पट होते. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेनें १९९८ सालीं जी शिफारस केली, ती अशी: ८५ डेसिबल असतां दिवसांत आठ तास, ८८ असतां चार तास, ९१ असतां दोन, ९४ असतां एक, आणि १०० असतां अवघीं पंधरा मिनिटें. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु शेत म्हणजे कारखाना नव्हे. तेथें माप घेण्यास कोण जातो?

या गोंगाटावर नभोवाणी ऐकावयाची म्हणजे काय करावें लागतें, तें पाहा. तीन नळकांड्यांचें एंजिन मिनिटास दोन हजार फेरे घेत असेल, तर त्यांत सेकंदास पन्नास स्फोट होतात. हा खालच्या पट्टींतला दांडगा नाद वरच्या पट्टींतील नाजूक ध्वनींस झांकून टाकतो. निवेदकाचें बोलणें समजावयाचें तर आवाज त्या गोंगाटाच्या वर न्यावा लागतो. ९५ डेसिबलच्या वर आठ-दहा चढविले कीं आपण शंभराच्या पलीकडे गेलों, आणि पंधरा मिनिटांची मर्यादा तर पहिल्या बातम्यांतच संपली! शिवाय दोन-तीन तासांत कान तात्पुरता बधिर होतो, तेव्हां तोच आवाज कमी भासूं लागतो व हात पुन्हां कळीकडे जातो. कळ वाढली म्हणून कान बधिर, आणि कान बधिर म्हणून कळ वाढली. असें हें चक्र आहे. हल्लीं कित्येक तरुण कानांत भ्रमणध्वनीच्या गोळ्या घालून बसतात. बाहेरचा गोंगाट त्यांनींही फारसा अडत नसल्यास गत तीच.

मग नभोवाणी काढूनच टाकावी काय? आम्हीं प्रथम तसेंच म्हटलें. त्यावर पुतण्यानें आयुष्यांत प्रथमच आम्हांस उलट उत्तर दिलें: "अण्णा, तुम्ही चाळीस मुलांपुढें बोलत होतां. मी दिवसभर चाकोरीशीं बोलतों." आम्ही निरुत्तर झालों. आठ-आठ तास एकट्यानें त्याच रेघेवरून जावयाचें. झोंप येते, मन कुजतें. हवामान, बाजारभाव, शेतीची माहिती आणि एखादें गाणें ही त्याची सोबत आहे. ही गरज आजची नव्हे, व केवळ आपल्याकडचीही नव्हे. अमेरिकेंत मिनिआपोलिस-मोलीन या कंपनीनें १९३८ सालींच कांचेची बंद खोली, ऊब देणारें यंत्र आणि नभोवाणी असलेला ट्रॅक्टर काढला होता. तेथील शेतकऱ्यांस ते चोचले वाटले. सुमारें दीडशेंच ट्रॅक्टर निघाले आणि प्रकरण बारगळलें. नभोवाणी पुढें सर्वत्र पोंचली. परंतु तिच्यासाठीं जी शांतता हवी, ती देणारी बंद खोली मात्र आपल्या बहुतेक शेतकऱ्यांना अजून परवडत नाहीं.

महाराष्ट्रांत शेतकऱ्याची नभोवाणी सुरूं झाली ती मात्र शांततेंत, हें येथें आठवतें. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रावरून एक प्रयोग झाला. पांच मराठी जिल्ह्यांतील १५० गांवीं श्रोतृमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा-अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळांतील पंधरावीस माणसें कंदिलाभोंवतीं बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि आपल्या शंका पुण्यास कळवीत. हा प्रयोग इतका सफळ झाला कीं १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली. योगायोग असा कीं त्याच १९५९ सालीं फरिदाबाद येथें आयशर कंपनीनें पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर काढला. एका बाजूनें शेतकरी ऐकावयास शिकत होता आणि दुसऱ्या बाजूनें त्याच्या कानाशीं यंत्र येत होतें. दोहोंची गांठ पुढें मडगार्डवर पडली.

आम्हीं घरीं काय केलें

उपाय फार खर्चाचे नाहींत, म्हणून विस्तारानें सांगतों.

प्रथम धुराड्याचा सायलेन्सर तपासला. तो तळाशीं गंजून त्यास भोंक पडलें होतें. तें बदलतांच आवाजांतील फटफट बरीच उतरली. दुसरें, कानांवर बसणारीं जाड कर्णकवचें आणलीं. कापसाचा बोळा कानांत घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यानें गोंगाट फारच थोडा अडतो आणि काळजी घेतल्याचें फुकट समाधान मात्र मिळतें. नीट बसलेलें कवच पंधरा ते पंचवीस डेसिबल अडवूं शकतें. युरोपांत आंतच नभोवाणी असलेलीं कवचेंही मिळतात, आणि तेथील मानकाप्रमाणें करमणुकीचा आवाज आंत ८२ डेसिबलच्या वर जातां कामा नये. गोंगाट बाहेर राहिला कीं आंत हळू आवाजही पुरतो, हें त्यांतील सोपें मर्म. कवच घातलेल्यास मागून मारलेली हांक ऐकूं येत नाहीं, म्हणून आमच्या घरीं दोन नियम झाले: ट्रॅक्टर मागें घेण्यापूर्वीं उतरून पाहावयाचें, आणि चालकास बोलवावयाचें तें समोर जाऊन हात वर करून. मडगार्डवर मुलांना बसवून नेण्याची हौसही बंद केली. पडण्याचें भय तर आहेच, परंतु त्यांचे कान तेथें त्याच गोंगाटांत असतात, हें कोणाच्या मनांत येत नाहीं.

तिसरा उपाय आमच्या भावजयींनीं सुचविला. दुपारचा डबा घेऊन त्या स्वतः बांधावर जातात. त्या वेळीं एंजिन बंद होतें, आंब्याखालीं नभोवाणी लागते आणि मायलेकरें अर्धा तास एकत्र ऐकतात. श्रोतृमंडळ दोघांचें, पण चर्चा भरपूर होते, असें कळतें.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्या घरानें करून पाहण्याजोगा. सकाळीं एंजिन सुरूं करण्यापूर्वीं नभोवाणी लावावी, ठरलेल्या जागीं उभें राहावें, आणि कमींत कमी ज्या आंकड्यावर निवेदकाचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवितां येतात तो आंकडा वहींत लिहावा. संध्याकाळीं काम संपल्यावर, एंजिन बंद असतां, पुन्हां तसेंच. संध्याकाळचा आंकडा सकाळपेक्षां वर गेला, तर त्या दिवशीं कानानें मार खाल्ला असें समजावें. आणखी एक सोपी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशीं बोलण्यास ओरडावें लागत असेल, तर तो गोंगाट कानास घातक आहे. काम संपल्यावर कानांत भुणभुण राहिली, तर तीही तीच गोष्ट सांगते. अर्थात् ही घरगुती चांचणी डॉक्टरांच्या आलेखाची जागा घेऊं शकत नाहीं. वर्षांतून एकदां तो काढून घ्यावाच.

आमच्याकडे ही वही पुतण्याची मुलगी ठेवते. कर्णकवचें येण्यापूर्वीं सकाळीं चौदा आणि संध्याकाळीं एकोणीस-वीस असे आंकडे आहेत. ज्या दिवशीं ट्रॅक्टर उभा होता, त्या दिवशीं संध्याकाळींही चौदाच. कवचें आल्यापासून संध्याकाळचा आंकडा चौदा-पंधराच्या पुढें गेलेला नाहीं. परंतु त्या पोरीनें वहीच्या शेवटच्या पानावर, कोणी न सांगतां, स्वतःचाही आंकडा लिहून ठेविला आहे: सात. चौदा आणि सात यांमधील तें अंतर म्हणजे आमच्या घराच्या अकरा एकरांची, दोघांच्या शिक्षणाची आणि एका लग्नाची किंमत आहे. ती एकट्यानें भरली, आणि वर बोलणींही खाल्लीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप कां आली नाहीं, तें आतां सांगतों. आमच्या वर्गांत मागच्या बांकावर एक मुलगा बसत असे. प्रश्न विचारला कीं गोंधळून भलतेंच उत्तर देई. 'लक्ष नाहीं' म्हणून आम्हीं त्याचा कान कित्येकदां पिळला आहे. तो खरोखरच उनाड होता, कीं त्यास आमचीं व्यंजनें पोंचतच नव्हतीं, हें आतां कधींही कळणार नाहीं. कान पिळण्यापूर्वीं तो ऐकतो कीं नाहीं हें पाहावें, एवढें साधें ज्ञान पस्तीस वर्षांच्या शिक्षकास एका धामणीनें शिकवावें लागलें.

आतां घरांत पद्धत बदलली आहे. पुतण्याशीं बोलावयाचें तें समोरून, तोंड दिसेल असें, सावकाश. ओरडून नव्हे, कारण ओरडण्यानें स्वर मोठे होतात, व्यंजनें होत नाहींत. पंक्तींत त्याची जागा आम्हीं आपल्या उजव्या हाताशीं घेतली. तेथें त्याचा त्यांतल्या त्यांत बरा कान आमच्याकडे येत नाहीं असें पहिल्याच दिवशीं ध्यानांत आलें, तेव्हां पाट उचलून तो डाव्या हाताशीं मांडला. परवां जेवतांना भावजयी हलक्या आवाजांत म्हणाल्या, "ताक घेतोस ना रे?" तो म्हणाला, "ताकच म्हणालीस ना? घाल." पंक्तींतील कोणीही हंसलें नाहीं.